सरूआत्याच्या वाटेवरची रांगोळी

दिवाळीच्या फराळाचे डबे तळाला लागतात, चकल्यांचा भुगा उरतो, चिवड्यातले दाणे आणि खोबऱ्याचे काप कुणीतरी आधीच वेचून खाल्लेले असतात, त्या सुमाराला आमच्या कोथरूडमध्ये सकाळी एक वास येतो. सोसायटीच्या मागे एक रिकामा प्लॉट कुणाच्या तरी भाऊबंदकीमुळे अजून शिल्लक आहे. पावसाळाभर तिथलं गवत कमरेएवढं वाढतं आणि डासांच्या नावाने अख्ख्या सोसायटीच्या शिव्या खातं. या दिवसांत ते एकदम पिवळं पडतं, दवाने ओलं होतं, आणि ऊन चढलं की त्यातून भिजून वाळलेल्या पोत्यासारखा वास सुटतो. बाकीच्यांना त्या वासाने काय आठवत असेल ते असो. मला माझी गाडी आठवते. आणि गाडीच्या मागे ट्रेलर जोडल्यासारखी लाज.

गाडी तशी आठवायची गरज नाही, खिडकीतून खाली पाहिलं की दिसते. फोर बाय फोर. म्हणजे इंजिनाचा जोर चारही चाकांना पोचवणारी, चिखलातून, दगडधोंड्यांतून, ओढ्यातून जाण्यासाठी जन्माला आलेली. आयुष्याचा बराचसा काळ तिने कर्वे रस्त्यावरच्या सिग्नलला उभं राहून काढला आहे. माझी बायको वैशाली शनिवार पेठेतली. तिकडच्या माणसांना टोमणा मारायला आवाज चढवावा लागत नाही. गाडी आल्यावर पहिल्याच आठवड्यात पिशव्या सावरत, दाराच्या दांडीला लोंबकळत ती वर चढली आणि शांतपणे म्हणाली, "अहो, भाजीला चारही चाकं लागतात, की कोथिंबिरीपुरती दोन चालतील?"

मी म्हणालो, गाडी आबांसाठी घेतलीय. त्या हंगामात हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं की शेवटी ते मलाही खरं वाटायला लागलं होतं. आणि वाईट म्हणजे ते खोटंही नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. पानशेतच्या पुढच्या डोंगरातले. तरुणपणी खाली उतरले, कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि मग पुण्याचेच झाले. त्यांची थोरली बहीण, आमची सरूआत्या, डोंगरावरच्या आडमाळ नावाच्या वाडीत दिलेली. खालच्या गावापर्यंत डांबरी रस्ता आहे. तिथून वर वाडीपर्यंत जी आहे तिला रस्ता म्हणणं हा निव्वळ चांगुलपणा. कधीकाळी बैलगाडी जायची म्हणतात. आता दर पावसाळ्यात पाणी तिच्यातून ओढ्यासारखं वाहतं आणि जाताना मुरूम घेऊन जातं, दगड तेवढे ठेवून जातं. वाडीतली माणसं चालत खाली-वर करतात. आजारी माणूस झोळीतून येतो. आबांचं खुब्याचं हाड मोडलं, पाय बरा झाला पण डोंगर संपला. आत्याचे गुडघे त्याआधीच गेले होते. त्यामुळे भाऊ खाली आणि बहीण वर, मध्ये एक चढण, अशी काही वर्षं गेली.

गुरुवारी फोन व्हायचा. आत्याला ऐकू कमी येतं, म्हणून आबा ओरडायचे, ते ओरडतात म्हणून ती ओरडायची. काय रांधलं, कुणाची गाय व्याली, कोण गेलं. दोघांचं बोलणं अख्ख्या मजल्याला ऐकू जायचं आणि शेवटी आबांचा आवाज खाली यायचा. "येतो गं एकदा वर." मग फोन बंद करून तो मांडीवर ठेवून ते बराच वेळ बसून राहायचे, जणू तो थंड व्हायची वाट बघताहेत.

ते मला बघवायचं नाही, हे खरं. आणि फोर बाय फोर गाड्यांचे व्हिडिओ मी त्याच्या कितीतरी आधीपासून पांघरुणात तोंड घालून बघत होतो, हेही खरं. दोन्ही खरं असलं की माणूस त्यातलं चांगलं तेवढं पुढे करतो. मी आबांना पुढे केलं.

गाडी आली तेव्हा पाऊस संपत आला होता. प्रत्यक्ष जाण्याआधी तयारी हवी, असं सगळे जाणकार सांगत होते, आणि तयारी म्हटल्यावर माझ्या अंगात काय संचारलं ते आजही आठवतं. रोज एक खोकं यायचं. रुतलेली गाडी ओढायचा जाड पट्टा आला. त्या पट्ट्याला नव्याकोऱ्या दप्तराचा वास होता. पट्टा गाडीच्या हुकाला जोडायच्या लोखंडी कड्या आल्या, वजनदार, हातात घेतल्या की आपणच बलवान असल्यासारखं वाटावं अशा. चाक रुतून जागच्या जागी फिरायला लागलं की त्याखाली सरकवायच्या दातेरी पाट्या आल्या, भडक केशरी रंगाच्या. हवा मोजायचं मीटर, हवा भरायचा छोटा कॉम्प्रेसर, फावडं, हातमोजे, प्रथमोपचाराची पेटी, डोक्याला बांधायचा दिवा. हे सगळं जेवणाच्या टेबलावर मांडलेलं असायचं आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो. वैशालीने एकदाच विचारलं, आपण आत्याकडे चाललोय की हिमालयात. मी तिला पट्टा आणि दोरखंड यांतला फरक समजावून सांगितला. पट्टा थोडा ताणतो, झटका पोटात घेतो. तिने पट्ट्याकडे आणि मग माझ्या पोटाकडे पाहिलं.

आबा मात्र हरखले होते. लोखंडी कडीचे आटे त्यांनी बोटाने तपासले, घासलेटात धुतले, तेल लावलं. फिटरचे हात. संध्याकाळी गॅलरीत बसून ते एकेक कडी खोलायचे, लावायचे, आणि मग ओशाळून म्हणायचे, "माझ्यापायी केवढा खर्च लावलास रं." आमच्या घरात तेव्हा अपराधीपणाचा असा गोल चालू होता. आबांना वाटायचं, आपल्यामुळे पोराला भुर्दंड. वैशालीला वाटायचं, सासऱ्यांच्या इच्छेला आपण उगाच हसतोय. आणि मी त्या दोघांच्या मधोमध बसून नव्या हातमोज्यांचं माप बघत असायचो.

मुळशीकडच्या एका माळावर शिकाऊ लोकांसाठी शिबिर होतं, तिथेही जाऊन आलो. काळा चष्मा लावलेला एक तरणाबांड प्रशिक्षक आणि समोर आम्ही, पोट सुटलेले, कोरी टोपी घातलेले दहाबारा विद्यार्थी. तो सांगायचा ते मी शाळेतल्यासारखं ऐकलं. खडकाळ वाटेवर चढण्याआधी चाकांतली हवा कमी करायची, म्हणजे टायर पसरतं आणि दगडाला धरतं. परत डांबरीवर आलं की भरायची. स्टिअरिंगच्या चाकाच्या आत अंगठा घालायचा नाही, चाकाला दगडाचा फटका बसला की स्टिअरिंग उलटं फिरतं आणि अंगठा मोडतो. गाडीत एकही वस्तू सुटी ठेवायची नाही. उतारावर क्लच दाबून मोकळं सुटायचं नाही, लहान गिअर टाकून इंजिनाच्या जोरावर हळू उतरायचं. एकट्याने कधीच जायचं नाही, सोबत दुसरी गाडी हवी. आणि सगळ्यात महत्त्वाचं: अवघड जागा आली की गाडी थांबवा, उतरा, आधी ती वाट पायी चालून या. चाक कुठून न्यायचं ते डोळ्यांनी ठरवा आणि मग गाडीत बसा.

हे शेवटचं मला फारच पटलं. कारण त्यात गाडी चालवावी लागत नव्हती.

पुढच्या रविवारी मी एकटाच निघालो. गाडी खालच्या गावात देवळापाशी लावली आणि चढण चढायला लागलो. कार्तिकातली सकाळ. दोन्ही बाजूंना कारवीची झुडपं, खाचरांत पिकलेलं भात, कुठे कापून पसरलेलं, आणि सगळ्या डोंगराला त्या वाळत्या गवताचा वास. हातात काठी. डोक्यावर रुंद कडेची टोपी, डोळ्यांवर चष्मा. खिशात मोजायची टेप, कारण गाडीचं पोट जमिनीपासून किती उंच आहे ते मला पाठ होतं आणि चाकोऱ्या किती खोल आहेत ते बघायचं होतं. आणि खांद्याच्या पिशवीत दिवाळीतली उरलेली पांढरी रांगोळी. वाट लक्षात राहावी म्हणून, चाक जिथून न्यायचं तिथे दगडावर चिमूटभर रांगोळीचा ठिपका. वैशालीचा रांगोळीचा डबा मी विचारून घेतला नव्हता, हा त्या हंगामातला सगळ्यात किरकोळ गुन्हा.

असे मी तीन रविवार गेलो. शेवटच्या वळणापर्यंत. त्या वळणावर उभं राहिलं की वर आडमाळची कौलं दिसतात, एखादी रेडकी ओरडताना ऐकू येते, चुलीचा धूर दिसतो. तिथे मी दम खात थांबायचो, शेवटचा ठिपका काढायचो आणि मागे फिरायचो. वर का गेलो नाही? आबांना आणि वैशालीला मी सांगून ठेवलं होतं, आत्याला काही कळवायचं नाही, एकदम दारात गाडी उभी करायची, म्हातारीला चकित करायचं. ऐकायला छान वाटतं. आत खरं असं होतं की सांगून ठेवलं आणि गाडी अर्ध्यात अडकली तर हसं होईल. न सांगता अडकली तर ती फक्त माझ्यात आणि दगडांत राहील.

वाटेत माणसं भेटायची. डोक्यावर भाताच्या पेंढ्या घेतलेल्या बायका बाजूला सरकून उभ्या राहायच्या, माझ्या टेपकडे आणि ठिपक्यांकडे बघायच्या. मी काही बोलायचो नाही. बोलण्याइतका दम नसायचा. गंभीरपणे मान हलवायचो आणि पुढचा खड्डा मोजायचो.

तिसऱ्या रविवारनंतरच्या गुरुवारी आबांचा फोन नेहमीपेक्षा लांबला. जेवताना त्यांचा चेहरा उजळला होता. म्हणाले, "सरूच्या वाडीला रस्ता होतोय. साहेब येतोय म्हणं दर रविवारी. टोपीवाला. मोजमाप चालू हाय."

आता वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. माझ्या नाही आलं. शपथेवर सांगतो, मी भातावर आमटी वाढून घेत होतो आणि माझ्या मनात आलेला विचार असा होता: म्हणजे आपल्या आधी सरकार पोचणार. डांबर पडणार, मग कुणाचीही चिल्लर गाडी वर जाणार, आणि टेबलावरच्या या कड्या, पाट्या, पट्टा, सगळ्याचं काय लोणचं घालायचं? मी मनातल्या मनात म्हणालो, होऊ दे रस्ता, पण एवढा एक हंगाम जाऊ दे.

म्हातारी माणसं झोळीतून उतरतात त्या वाडीला रस्ता मिळू नये, निदान थोडा उशिरा मिळावा, असं जेवणाच्या ताटावर बसून मला वाटलं. वाटून गेलं, असं लिहिलं तर जरा बरं दिसेल. पण ते गेलं नाही. आमटी संपेपर्यंत होतं.

तरीही निघायला आणखी काही रविवार गेले. तयारी ही फार सोयीची गोष्ट आहे. ती चालू असते तोवर माणूस रिकामटेकडा ठरत नाही आणि निघालेलाही नसतो. सोबतीला दुसरी गाडी हवी होती. आमच्या इमारतीतल्या कुलकर्ण्यांकडे तशीच गाडी होती, आतल्या सीटांवरचं कंपनीचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. ते यायला तयार झाले, मग त्यांच्या सर्व्हिसिंगची तारीख आडवी आली, मग त्यांच्या साडूकडचं लग्न. आबा दर शनिवारी रात्री धुतलेला सदरा खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवायचे आणि रविवारी सकाळी काही न विचारता परत कपाटात ठेवायचे. वैशालीने ते पाहिलं होतं. एका शनिवारी ती मला म्हणाली, "उद्या नाही गेलात तर मी त्यांना रिक्षाने खालपर्यंत नेते आणि पाठीवर घेऊन वर चढते." ती विनोद करत नव्हती.

मार्गशीर्ष लागला होता. खालच्या गावात पोचलो तेव्हा ऊन कोवळं होतं. मी विधिपूर्वक चारही चाकांतली हवा कमी केली. मीटर लावायचं, थोडी सोडायची, परत मीटर. आबा आणि वैशाली देवळाच्या ओट्यावर बसून, सत्यनारायणाची कथा ऐकावी तसे ते बघत होते. कुलकर्ण्यांनी वरच्या चढणीकडे पाहिलं, आपल्या गाडीच्या रंगाकडे पाहिलं आणि म्हणाले, दोन्ही गाड्या वर नेण्यात अर्थ नाही, मी खाली राखीव म्हणून थांबतो. आणि त्यांनी पेपर उघडला.

मी लहान गिअर टाकला. अंगठे बाहेर ठेवले. श्वास घेतला. आणि गाडी चढायला लागली, चढतच गेली.

पहिली चाकोरी, जी मी गुडघाभर खोल मोजली होती, ती भरलेली होती. दगड खाली, वर मुरूम, वर माती. पुढच्या घसरणीवर आडवे दगड पायऱ्यांसारखे बसवलेले. रस्त्यात आलेल्या कारवीच्या फांद्या छाटलेल्या. मला आधी निराशा झाली, अगदी स्पष्ट निराशा, सिनेमाला जावं आणि खेळ रद्द झालेला असावा तशी. गाडीला काही करावंच लागत नव्हतं. मागे आबा म्हणत होते, केवढं काम केलंय, केवढं काम केलंय.

मग मला ठिपके दिसले. माझेच. मी टाकलेली रांगोळी दवाने केव्हाच धुऊन गेली असणार. पण प्रत्येक ठिपक्याच्या जागी कुणीतरी चुन्याचा गोल काढला होता. नीट, बोटाने गोल फिरवून. साहेबाची खूण पुसली जाऊ नये म्हणून.

तेव्हा मला कळलं.

वैशालीलाही त्याच क्षणी कळलं असावं. ती पुढे माझ्या शेजारी बसली होती. तिने चुन्याच्या गोलाकडे पाहिलं, मग माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे, आणि जन्मात पहिल्यांदा तिला टोमणा सुचला नाही. मी टोपी काढून सीटखाली सरकवली. पण वळण आलं होतं आणि वर माणसं उभी होती.

सगळी वाडी होती. मी खाली चाकांतली हवा सोडत बसलो तोवर कुणीतरी धावत वर वर्दी दिली असणार. एका खुर्चीवर स्वच्छ टॉवेल टाकलेला. ताटात नारळ, हळदीकुंकू. बाजूच्या खळ्यावर भाताच्या पेंढ्यांची उडवी तशीच उभी, झोडणी अर्धी राहिलेली. ऐन कामाच्या दिवसांत भात सोडून ही माणसं रस्त्यावर दगड वाहत होती, साहेबाची गाडी एकदा तरी वर यावी म्हणून. आली की त्याला पटेल, इथे रस्ता होऊ शकतो. पुढे झाला तो मारुती, आत्याच्या दिराचा मुलगा, माझ्याच वयाचा. त्याच्या हाताला दगडाने सोललेल्याच्या खुणा होत्या. त्याने माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "साहेब, आज गाडी घेऊन आलात. आता आमची काळजी मिटली."

सीटखालच्या टोपीसारखा मीही कुठेतरी सरकून बसलो असतो तर बरं झालं असतं. तोवर वैशालीने मागचं दार उघडलं होतं आणि आबा काठी टेकत, एक पाय आधी, मग दुसरा, असे उतरत होते. लोकांना वाटलं, हा मोठा साहेब. वाट मोकळी झाली. त्या मोकळ्या वाटेच्या टोकाला, ओसरीवरच्या बाजेवर सरूआत्या बसली होती. तिने डोळ्यांवर हात धरून पाहिलं.

"नाम्या?"

आबा नामदेव. त्यांना नाम्या म्हणणारं जगात तेवढं एकच माणूस उरलं होतं. ते गेले आणि बाजेवर तिच्या शेजारी बसले, आणि फोनवर ओरडणारी ती दोन म्हातारी माणसं जवळ बसून काहीच बोलेनात. आत्या त्यांच्या मोडलेल्या खुब्यावरून हात फिरवत राहिली. या एका गोष्टीसाठी त्या गाडीचं, पट्ट्याचं, कड्यांचं सार्थक झालं असं मला म्हणायचं आहे. पण मी ते अजून नीट म्हणू शकत नाही, कारण अंगणात अख्खी वाडी नारळ घेऊन उभी होती.

मी सांगितलं. कसं सांगितलं ते आठवत नाही. मी रस्त्याचा साहेब नाही, मी नामदेवचा मुलगा, गाडी वर आणता येईल का ते बघत होतो, ती रांगोळी होती, घरची. एका बाईने पदर तोंडाला लावला. मग मारुती हसला. मोठ्याने, मनापासून, गुडघ्यावर हात मारून हसला, आणि मग सगळेच हसले. म्हणाला, मग काय झालं, आपलाच माणूस निघाला, आणि नारळ माझ्याच गाडीपुढे फोडला. कुणीतरी मला दोन शब्द सुनावले असते तर मी आजपर्यंत ते विसरलोही असतो. ते हसले, म्हणून विसरता येत नाही.

साहेबासाठी कोंबडी कापलेली होती. तांदळाच्या भाकरी होत्या. मला टॉवेलच्या खुर्चीवर बसवून वाढलं. मी मान खाली घालून जेवलो. वैशालीने भाकरीचा तुकडा मोडत हळूच मला एवढंच सांगितलं की रस्सा अप्रतिम आहे आणि तो आपल्यासाठी नव्हता.

निघताना आत्याने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, रस्त्याचं विचारेल. काय उत्तर द्यायचं त्याची मी मनात जुळवाजुळव केली होती, अर्ज करू, पाठपुरावा करू, माझ्या ओळखी आहेत, पुण्यातला माणूस अशा वेळी जे बोलतो ते. ती माझ्याकडे बघत राहिली. माझ्या लग्नानंतर ती मला पहिल्यांदाच बघत होती. मग म्हणाली, "तो टोपीवाला तू व्हय? वाकणापातुर येत व्हतास की चालत. मी हितनं बघायची."

मी हो म्हणालो.

"पाय तर चांगलं हायत की तुझं. मग वर का न्हाई आलास?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. तिला खरंच कळलं नव्हतं. आबांना गाडी हवी होती, त्यांचा पाय मोडला होता. माझा कुठलाच पाय मोडलेला नव्हता. इतकी वर्षं कधीही, कुठल्याही रविवारी, पट्टा आणि पाट्या आणि मीटर नसताना, मी चपला घालून ही चढण चढू शकलो असतो. दम लागला असता, एवढंच. गाडीच्या काचा खाली घेऊन आम्ही उतरत होतो तेव्हा आबा समाधानाने डुलत होते, वैशाली बाहेर बघत होती, आणि मी लहान गिअरमध्ये, ब्रेकला पाय न लावता, अगदी शिकवल्याप्रमाणे गाडी उतरवत होतो. वाटेतल्या प्रत्येक चुन्याच्या गोलावरून चाक गेलं. गाडी तिथूनच न्यायची असं मीच ठरवलं होतं ना.

याला काही वर्षं झाली. खऱ्या रस्त्याचा खरा साहेब अजून आलेला नाही. अर्ज केले, पाठपुरावाही केला, ओळखी निघाल्या त्या सगळ्या दुसऱ्याच खात्यात. दर पावसाळ्यात पाणी येतं आणि भरलेले दगड सोडवून खाली नेतं. गवत पिवळं पडलं की वाडी पुन्हा दगड भरते. त्या वर्षी साहेबासाठी भरले, आता कुणासाठी म्हणून नाही, सवय लागली म्हणून भरतात. वाट भरून झाली की मी आबांना वर नेतो. वर्षातून ती एक खेप. आबांचा पाय आता आणखी जड झाला आहे. त्यांचा धुतलेला सदरा खुर्चीवर कधी पडतो ते वाटेवर अवलंबून असतं.

परवाच्या रविवारी मी गेलो होतो, भरायला. गाडी देवळापाशी ठेवून, चालत. मधल्या चढणीवर पंधरावीस जण होते. घमेली हातोहात फिरत होती. मीही रांगेत उभा राहिलो. माझ्या वाट्याला नेहमी हलके दगड येतात, ते मुद्दाम देतात हे मला ठाऊक आहे आणि मी काही म्हणत नाही. ऊन चढलं. वाळत्या गवताचा वास, घामाचा वास, कुणीतरी तंबाखू मळतंय. यंदाच्या पावसाने एके ठिकाणी वाट अशी काही खणून काढली होती की मी पाहतच राहिलो. एका बाजूला खोल घळ, दुसऱ्या बाजूला तिरका कातळ, मध्ये चाकापुरती जागा. डावं चाक कातळावर, उजवं घळीच्या काठावर, लहान गिअर, अंगठे बाहेर. डोळ्यांसमोर गाडी हळूहळू तिरकी होत वर येताना मला दिसायला लागली. हातात दगड तसाच राहिला.

मारुती बघत होता. म्हणाला, "काय साहेब, हा एक ठेवायचा का तसाच? तुमच्या गाडीला खेळायला?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि दगड खाली घळीत ठेवला, मग दुसरा घेतला.

पण हसण्याच्या आधी, नको म्हणण्याच्या आधी, मी क्षणभर थांबलो होतो. घरी आबा गॅलरीत बसून वाट भरून व्हायची वाट बघत होते, वर आत्या बाजेवर बसलेली होती, आणि मी थांबलो होतो. मारुतीच्या ते लक्षात आलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्याने पुढचा दगड जरा जड दिला.